लहान पोराचं पोट बिघडलं तर देणं थांबवू नका. आणि 'याला सोसत नाही' असं एका दिवसात ठरवूही नका

बुरोंडी (ता. दापोली) : १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या सरी पडल्या की विहिरीचं पाणी गढूळ व्हायला लागतं. त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत किनाऱ्यावरच्या गावांमधून एकच गोष्ट घरोघर ऐकायला मिळते. दीड वर्षाचं पोर सकाळी उठतं, दूध पितं आणि ओकतं. दुपारपर्यंत चार-पाच वेळा पातळ शी होते. आजी म्हणते, दात येतायत. शेजारची काकी म्हणते, दूध बंद करा, पोटाला आराम द्या. कोणीतरी मेडिकलमधून जुलाब बांधायची गोळी आणतं, कोणी टेट्रापॅकमधलं गोड पेय आणतं. संध्याकाळी पोर गप्प पडून राहतं आणि घरातले म्हणतात, चला, आता शांत झोपलंय.

फसगत होते ती इथे. ते पोर शांत झालेलं नसतं, सुकत चाललेलं असतं.

जुलाबात पोराच्या जिवाला धोका असतो तो शीमुळे नाही, शीबरोबर जाणाऱ्या पाण्यामुळे आणि मिठामुळे. हिशोब सोपा आहे. १० किलोच्या पोराच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं की सुकल्याची लक्षणं दिसायला लागतात. एक लिटर गेलं की जिवावर बेततं. मोठ्या माणसाला अर्धा लिटर म्हणजे काहीच नाही, पण दीड वर्षाच्या पोराच्या चार-सहा जुलाबांत आणि दोन-तीन उलट्यांत तेवढं सहज निघून जातं. म्हणून जुलाब कधी थांबतील याच्या मागे लागण्यापेक्षा गेलेलं पाणी परत आत कसं जाईल याच्या मागे लागावं. जुलाब बहुतेक वेळा विषाणूचे असतात आणि पाच-सात दिवसांत आपले आपण थांबतात. तोवर पोर टिकवून धरायचं असतं.

साखर-मिठाच्या पाण्याची गोष्ट

ओआरएसची पुडी सगळ्यांना माहीत आहे, पण ती नुसती 'ताकद यायला' असते असा समज अजून आहे. तिच्यामागची गोष्ट माहीत असली तर पुडीवर विश्वास बसेल.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. माणसं जमिनीवर पडलेली, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, ते पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं की पेल्याने पाजत राहा. त्या छावणीतलं मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हाच उपाय जगभर नेला. महालनबीस २०२२ मध्ये वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे चालतं कसं? आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दरवाजा असतो, तो साखर आणि मीठ बरोबर आले तरच उघडतो. दोघं जोडीने आत गेले की त्यांच्या मागून पाणी ओढलं जातं. जुलाब लागलेले असले तरी हा दरवाजा चालू राहतो. नुसत्या पाण्याने तो नीट उघडत नाही. आणि साखर फार झाली तर उलटंच होतं. न शोषलेली साखर अंगातलं पाणी आतड्यात खेचून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून मापाला किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १ लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट.

आता टेट्रापॅककडे येऊ. दुकानात कित्येक वर्षं ओआरएस हे नाव छापलेली फळांच्या चवीची पेयं मिळत होती. त्यांत साखर या सूत्राच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध काही वर्षं आवाज उठवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी मिळतं-जुळतं नाव आणि तसाच डबा पुढे येऊ शकतो. तेव्हा साधी खूण लक्षात ठेवा. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख हवा. आशाताईकडे, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात हीच पुडी फुकट मिळते.

पुडी कालवताना होणारी चूक एकच, पण फार होते. पुडी १ लिटरची असते आणि ती एका पेल्यात अर्धी अर्धी टाकली जाते. असं दाट पाणी पोराला घातक ठरू शकतं. मोठी पुडी १ लिटरसाठी आणि छोटी २०० मिलीसाठी असते, ते पुडीवर लिहिलेलं असतं. मापाला विकतच्या पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्या. पुडी पूर्ण ओता, अर्धी उद्याला ठेवू नका. पाणी उकळून गार केलेलं घ्या, कालवल्यावर मात्र उकळायचं नाही. वरून साखर, दूध, सरबत काही घालायचं नाही. झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाजायचं किती? २ वर्षांखालच्या पोराला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिली. २ ते ५ वर्षांच्या पोराला अर्धा ते एक कप. अगदी २ महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी हिशोब करत बसू नका, अंगावर पाजत पाजत थेट दवाखाना गाठा. बाटलीने पाजू नका, वाटी-चमचा घ्या. पोराने ओकून टाकलं तर १० मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, पण आता दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घाईने पेलाभर पाजलं की ओकतं, आणि मग याला ओआरएस सोसत नाही असा शिक्का बसतो. खरं तर वेग सोसलेला नसतो.

रात्री-अपरात्री पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचे शिगोशीग भरायचे नाहीत, मीठ तर अजिबात अंदाजाने घालायचं नाही. सकाळ झाली की पुडी आणा.

आपल्याकडे शहाळ्याची कमी नाही. शहाळ्याचं पाणी चांगलंच आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ कमी असतं. ते ओआरएसच्या जोडीला द्या, बदली म्हणून नको. भाताची मीठ घातलेली पेज मात्र आजीने सांगितली तर ऐकावं. तांदळातला पिष्टमय भाग पोटात हळूहळू साखरेत बदलतो आणि तोच दरवाजा उघडतो. ढाक्याच्या संशोधकांनी तांदळाच्या पिठाचं ओआरएस वापरून पाहिलं, आणि पटकीच्या रुग्णांत ते चांगलं चाललं. कोकणातल्या चुलीवर ही गोष्ट आधीपासून होतीच.

झिंकची गोळी आणि १४ दिवस

ओआरएसबरोबर झिंकची गोळी असते, ती दोन दिवस देऊन डब्यात पडते. ६ महिने ते ५ वर्षांच्या पोराला २० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. झिंकने चालू जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत लागण्याची शक्यता कमी होते. चौदा दिवसांचा फायदा हा आहे.

जुलाब बांधायची गोळी लहान पोराला देऊ नका. आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, आणि पाणी आतड्यात साठून राहतं. बाहेर दिसत नाही एवढंच, अंगातून ते गेलेलंच असतं. अँटिबायोटिकही शीतून रक्त पडत असेल किंवा पटकीचा संशय असेल तरच, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

जायफळाचं इथे वेगळं सांगायला हवं, कारण दापोली तालुक्यात बागेत ते पिकतं आणि बाळगुटीत उगाळलं जातं. जायफळाने गुंगी येते. पोर झोपलं म्हणून बरं वाटतं, पण जुलाबात पोर मलूल पडणं हीच धोक्याची खूण असते, आणि गुंगीमुळे तीच लपते. शिवाय ओली सहाण, तिच्यावर फिरवलेलं बोट आणि पुसायला घेतलेलं फडकं, यांतून जंतू आणखी आत जातात. पोट बिघडलेलं असताना गुटी बाजूला ठेवा. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, तिने काही बिघडत नाही. फक्त एका हातात ओआरएसची वाटी असू द्या.

दातांचंही तसंच. दात येताना पोराला त्रास होतो, हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते. पण पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. दात यायच्या वयातच पोर रांगतं आणि मिळेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही त्याच सुमारास कमी होत जाते. दातांना बोल लावून दोन दिवस वाट बघितली की उशीर होतो.

पोटाला आराम देऊ नका

जुलाबात जेवण बंद ठेवायचं ही समजूत सगळ्यांत महागात पडणारी. आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं, ते दुरुस्त व्हायला अन्नच लागतं. उपाशी ठेवलेलं पोर आठवड्यात अर्धा किलो उतरतं, पुढच्या महिन्यात परत जुलाब लागतात, आणि मग ते वजन भरूनच निघत नाही. कुपोषण म्हणजे नुसतं घरात खायला नसणं नव्हे. घरात सगळं असतानाही पोट बिघडलं म्हणून पोराला उपाशी ठेवलं गेलं, यातूनही ते येतं.

आईचं दूध कधीच बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांवरच्या पोराला मऊ भात, मुगाच्या वरणाचा भात, वर चमचाभर तूप. केळं कुस्करून. नाचणीची पेज, ताजं दही, मीठ घातलेलं पातळ ताक. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. उकडलेला, काटे नीट काढलेला ताजा मासाही चालतो, तिखट आणि तळलेलं तेवढं नको. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या पोराचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर पोर खंगतंय, ११.५ च्या खाली आला तर गंभीर. आजारपणानंतर एकदा सेविकेकडून मोजून घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

'याला दूध सोसत नाही'

जुलाबानंतर काही घरांत दुसरा प्रश्न उभा राहतो. आठ दिवस झाले, पोर खेळायला लागलं, पण दूध दिलं की परत फेसाळ, आंबूस वासाची शी होते, पोट गुडगुडतं, कुल्ले लाल होऊन सोलवटतात. मग घरात ठरतं की याला दूध सोसत नाही. आणि पोराचं दूध कायमचं जातं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींचा घोळ होतो. एक सोसत नसणं आणि दुसरी ॲलर्जी.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारा रस आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक लव्यांच्या टोकाशी तयार होतो. मोठ्या जुलाबात ही टोकं झडतात. पुरात लावणी वाहून जावी तसं. मग काही दिवस लॅक्टोज पचत नाही. पण रोपं परत लावली की शेत जसं उभं राहतं तशी ही टोकंही परत येतात, बहुतेक पोरांत एक-दोन आठवड्यांत, कधी थोडं जास्त. म्हणजे हा तात्पुरता प्रकार आहे. तोवर वरचं दूध थोडं कमी करून दही-ताकावर भर द्या, कारण विरजणात बराचसा लॅक्टोज आधीच मोडलेला असतो. दूध द्यायचं तर भातात किंवा नाचणीत मिसळून द्या. आईचं दूध याही वेळी चालू. मग थोडं थोडं करून दूध परत सुरू करा. सहा महिने, वर्षभर दूध तोडून ठेवायची गरज नसते.

ॲलर्जी म्हणजे पोट नव्हे, अंगाची संरक्षण यंत्रणाच त्या पदार्थाला शत्रू समजते. दुधाच्या ॲलर्जीत लहान बाळाच्या शीत रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखा चिकट भाग दिसतो, अंगावर पुरळ, वारंवार उलट्या, वजन न वाढणं. असं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. गाईचं सोसत नाही म्हणून शेळीचं किंवा म्हशीचं दूध सुरू केलं जातं, पण त्यांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक वेळा त्रास तोच राहतो. दिलासा एवढा की दुधाची ॲलर्जी असलेली बरीचशी पोरं शाळेत जायच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात. म्हणून वर्ष-सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून परत बघायचं असतं, एकदा बसवलेला शिक्का जन्मभर ठेवायचा नसतो.

एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नकोच. वर्षानंतरही दिवसाला अर्धा लिटर पुरे. त्यापेक्षा जास्त पाजलं की पोराची जेवायची भूक मरते आणि अंगातलं लोह कमी पडून पोर फिकट दिसायला लागतं.

मासळीचं काय

किनाऱ्यावर हा प्रश्न पहिला येतो. कोळंबी, कुर्ल्या, शिंपल्या यांची ॲलर्जी खरोखर असते आणि ती सहसा वयाबरोबर जात नाही. सोडे आणि जवळा ही सुकी कोळंबीच, त्यामुळे वाळवल्याने ॲलर्जी जात नाही. काही जणांना शिजतानाच्या वाफेनेही त्रास होतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, एकदम उलट्या, ही लक्षणं. श्वास घुरघुरला, आवाज बसला किंवा पोर मलूल पडलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच १०८.

पण बांगडा, तारली, कुपा खाल्ल्यावर तोंड लाल झालं, खाज सुटली, डोकं दुखलं, जुलाब झाले, तर ती प्रत्येक वेळी ॲलर्जी नसते. हे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळूनही जात नाही. ओळखायची खूण अशी की एकाच ताटातला मासा खाऊन घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो. तिथे दोष पोराच्या पोटाचा नाही, बर्फाचा आहे. अशा एका दिवसावरून पोराचा मासा कायमचा बंद करणं म्हणजे किनाऱ्यावर राहून घरातलं सगळ्यांत चांगलं प्रथिन तोडणं.

काजूचंही लक्षात असू द्या. काजू, शेंगदाणा आणि अंडं हे ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांत वरच्या नंबरचे. म्हणून ते द्यायचेच नाहीत असं नाही. सहा महिन्यांनंतर एक एक नवीन पदार्थ, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, सकाळच्या वेळी, अगदी थोडा. म्हणजे त्रास झालाच तर कशाने झाला ते कळतं आणि दवाखाना उघडा असतो. काजू-शेंगदाणा पूड करून द्या, अख्खा दाणा पाच वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकू शकतो.

आणखी एक प्रकार आहे, त्यात पोराला काहीच झालेलं नसतं. एक ते पाच वर्षांचं पोर, खेळतंय, वजन वाढतंय, पण दिवसातून तीन-चार वेळा पातळ शी आणि त्यात गाजराचे, वाटाण्याचे तुकडे तसेच्या तसे. घरचे दोन-तीन डॉक्टर बदलतात. अशा वेळी पोर दिवसभरात काय पितं ते बघा. पाच-दहा रुपयांची रंगीत पेयं, गोड सरबतं, मे महिन्यात वाटीवर वाटी आमरस. ही साखर आतड्यात पाणी खेचते. गोड पेयं बंद करा, जेवणात थोडं तूप-खोबरं वाढवा, आणि दोन आठवडे बघा. बहुतेक वेळा तेवढ्यात फरक पडतो.

खरोखर एखादा पदार्थ सोसत नाही असा संशय असेल तर वही घ्या. काय दिलं, किती वाजता, नंतर काय झालं, किती वेळाने. तीनदा तोच पदार्थ आणि तीनदा तोच त्रास दिसला तर डॉक्टरांकडे ती वही न्या. मोठ्या किमतीच्या रक्त तपासण्यांत पंचवीस-तीस पदार्थांची यादी येते, पण तपासणीत आलं म्हणजे त्रास होतोच असं नसतं. नुसत्या कागदावरून पोराचं ताट रिकामं करू नका. आणि आधी कधी तोंड सुजलं असेल किंवा श्वासाला त्रास झाला असेल तर तो पदार्थ घरी परत देऊन बघण्याचा प्रयोग मुळीच करायचा नाही.

पाणी आणि लस

ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं आहे हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आहे. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकणं हे जलसुरक्षकाचं काम, पण पावसाळ्यात ते रोज होतंय का याकडे लक्ष ठेवणं गावाचं. घरी लहान पोर असेल तर त्याचं पाणी चांगलं खळखळ उकळा, किंवा आरोग्य विभागाकडून मिळणाऱ्या मेडिक्लोरचे बाटलीवर लिहिलेले थेंब घालून अर्धा तास थांबा. दुधाची बाटली मात्र घरातूनच काढा. तिचं बूच पावसाळ्यात नीट स्वच्छ राहतच नाही.

रोटा विषाणूचे जुलाब जास्त करून थंडीत येतात. आधी उलट्या आणि ताप, मग पाण्यासारखी शी. त्याची लस महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे, तोंडाने द्यायची, ६, १० आणि १४ आठवड्यांना, फुकट. ती घेतल्यावर जुलाब होणारच नाहीत असं नाही, पण सलाईन लावायची वेळ येण्याचं प्रमाण कमी होतं.

दापोली कधी गाठायची

पोर अर्धवट शुद्धीत किंवा नेहमीपेक्षा फार मलूल, डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, सहा-आठ तास लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, घोटभरही पोटात राहत नाही, शीत रक्त, उलटी हिरवी, किंवा तीन महिन्यांच्या आतलं बाळ. यांतलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले तरीही दाखवायलाच हवं. वाटेत ओआरएस चालू ठेवा, गाडीतही चमच्याने.

१०८ ला फोन करताना गावाचं नाव सांगून थांबू नका, खूण सांगा. बुरोंडीत परशुरामाच्या पुतळ्यापासून किती आत, कोणती वाडी, गाडी कुठपर्यंत येते. पावसात रेंज जाते, म्हणून एक माणूस रस्त्यावर उभा करा.

सोबत लसीकरणाचं कार्ड घ्या, दिलेल्या औषधांच्या पुड्या घ्या, आणि मोबाइलमध्ये शीचा एक फोटो काढून ठेवा. लाजायचं कारण नाही. रंग कसा होता, रक्त होतं का, पाण्यासारखी होती की चिकट, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. गडबडीत घरातली चार माणसं चार गोष्टी सांगतात, फोटो एकच सांगतो. शेवटची लघवी किती वाजता झाली तेही बघून ठेवा.